स्वस्त असू दे, पण झाकपाक नको

मेटल म्हणजे जड गिटारचं रॉक संगीत ऐकणाऱ्यांना आणि कमी पैशातले सिनेमे बघणाऱ्यांना एक प्रश्न हमखास विचारला जातो, "असला खरखरीत आवाज तुला चालतो तरी कसा?" त्याचं नीट उत्तर द्यायचं म्हणून ही लांब पोस्ट. पैसे नाहीत म्हणून केलेली काटकसर उघड दिसते, आणि पुष्कळदा तिच्यातूनच काहीतरी नवं निघतं. मला चीड येते ती पुरेपूर पैसे घेऊन, झाकून केलेल्या काटकसरीची. तशी काटकसर रेकॉर्डिंगमध्ये कमी आणि आपल्या घरातल्या वस्तूंमध्ये जास्त सापडते.

ब्लॅक सॅबथ या मेटल बँडचा पहिला अल्बम ऑक्टोबर 1969 मध्ये लंडनला जवळपास एका दिवसात रेकॉर्ड झाला. बँड कार्यक्रमात वाजवायचा तसाच वाजला. गिटारवादक टोनी आयॉमी बर्मिंगहॅमला पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, तिथे मशीनमध्ये सापडून उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. माणूस डावखुरा, म्हणजे तारा दाबायच्या त्या याच हाताने. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या आणि 1971 च्या तिसऱ्या अल्बमच्या वेळी गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली, कारण ताण कमी झाला की दुखऱ्या बोटांना तार दाबता येते. आज जगभर मेटलमध्ये जो खालचा, जड सूर ऐकू येतो त्याच्या मुळाशी ही अडचण आहे.

पण नुसती गिटार खाली उतरवली की काम झालं, असं समजून घरी रेकॉर्डिंग करणारी खूप पोरं फसतात. गिटारची सगळ्यात जाड तार नेहमीच्या सुरात 82 हर्ट्झला वाजते, ड्रॉप सी मध्ये (जाड तार सी पर्यंत उतरवलेल्या सुरात) ती 65 वर येते. दुकानातून गिटार येते तेव्हा तिच्यावर बहुधा 9–42 चा सेट (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) असतो. तो तसाच ठेवून खाली उतरवलं की तार लोंबते आणि प्रत्येक फटक्याला सूर आधी वर जाऊन मग खाली येतो. मग ट्यूनर बरोबर दाखवतो आणि रेकॉर्डिंग मात्र बेसूर येतं. ड्रॉप सी साठी किमान 11–54 लावा, आणि सेट बदलल्यावर इंटोनेशन पुन्हा जुळवा. बाराव्या फ्रेटवर दाबलेली तार आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) एकाच सुरात आले पाहिजेत. दाबलेला सूर चढा लागला तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागे घ्या, उतरा लागला तर पुढे.

दुसरी चूक गेनची, म्हणजे गिटारचा आवाज फाडून खरखरीत करणाऱ्या बटणाची. खोलीत एकट्याने वाजवताना गेन जितका जास्त तितकं भारी वाटतं. रेकॉर्डिंगमध्ये मात्र तोच भाग दोनदा वाजवून एक टेक (एकदा वाजवून केलेलं रेकॉर्डिंग) डावीकडे आणि एक उजवीकडे टाकायचा असतो, म्हणजे गेनची बेरीज होते आणि गिटारची माशांसारखी भणभण सुरू होते. एकट्याने ऐकताना थोडा कमी वाटेल इतका गेन ठेवा. टेक खरोखर दोनदा वाजवा. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर आवाज रुंद होत नाही, मधोमध येऊन नुसता मोठा होतो. मिडचं (मधल्या आवाजाचं) बटण शून्यावर नेण्याची सवयही सोडा. खालचा भाग बेस गिटार आणि किक ड्रमचा, वरचा झांजांचा, गिटारला जागा मिळते ती मधेच. 80 ते 100 हर्ट्झच्या खालचं गिटारमधून कापून टाका. मिनिटाला 200 मात्रांच्या लयीत डबल बेस ड्रमचे सोळावे (एका मात्रेत चार ठोके) वाजले की सेकंदाला तेरा ठोके पडतात. त्यांच्या शेपट्या लांब राहिल्या आणि वरून गिटारचा खालचा आवाज आला, तर ऐकणाऱ्याला फक्त चिखल ऐकू येतो.

हे सगळं कमी पैशात जमतं. आणि खूप पैसे असूनही ते बिघडवता येतं. मेटालिका बँडचा 2008 चा 'डेथ मॅग्नेटिक' इतका दाबून मोठा केला की आवाजाच्या लाटांची टोकंच कापली गेली. 'गिटार हिरो' या गेमसाठी दिलेल्या त्याच गाण्यांमध्ये जास्त श्वास होता, हे चाहत्यांनी ऐकून ओळखलं. आता तर स्ट्रीमिंगवाले सगळी गाणी साधारण सारख्या पातळीवर आणतात, स्पॉटिफाय ‑14 लफ्सच्या (ऐकू येणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास. म्हणजे दाबून मोठं केलेलं गाणं तिथे परत खाली ओढलं जातं आणि फक्त चेपलेपणा मागे राहतो. बँडच्या मुलांनो, मास्टर करणाऱ्याला (गाण्याची शेवटची फाइल तयार करणाऱ्याला) हे आधी सांगा.

सिनेमाचंही असंच आहे. रॉबर्ट रॉड्रिगेझचा 'एल मारियाची' (1992) सुमारे सात हजार डॉलरमध्ये शूट झाला. कॅमेरा 16 मिलिमीटरचा आणि घरघर करणारा, त्यामुळे चालू कॅमेऱ्याबरोबर आवाज घेणं शक्यच नव्हतं. शॉट झाला की लगेच माइक जवळ नेऊन नटांकडून तेच संवाद पुन्हा बोलून घ्यायचे. नुकतंच बोललेलं असल्यामुळे लय बहुतेक जुळायची, आणि ओठ जिथे जुळले नाहीत तिथे कट करून दुसरा शॉट लावला. त्या सिनेमाचा झपाटा काही अंशी या तोडग्यातून आलेला आहे. आपल्याकडे मालेगावच्या मंडळींनी सायकलची ट्रॉली केली, बैलगाडीची क्रेन केली, आणि यंत्रमागांच्या गावात स्वतःचे सिनेमे उभे केले. त्यात काहीही लपवलेलं नाही, म्हणूनच प्रेक्षक त्यांच्या बाजूने उभा राहतो.

मोबाइलवर फिल्म करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की पहिला खर्च माइकवर करा, लेन्सवर नाही. चित्र थोडं दाणेदार असलं तर प्रेक्षक सांभाळून घेतो, संवाद कळला नाही तर उठून जातो. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिजमध्ये गाडीची किल्ली ठेवा, म्हणजे निघताना तो पुन्हा चालू करायचं विसरणार नाही. प्रत्येक जागेचा अर्धा मिनिट शांत आवाज रेकॉर्ड करून ठेवा, एडिटिंगला कट झाकायला तोच लागतो. आपली वीज 50 हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभरदा मिणमिणतात, म्हणून शटर 1/50 किंवा 1/100 ठेवा, नाहीतर फ्रेममध्ये पट्टे फिरतील. मोबाइलचं नेहमीचं कॅमेरा ॲप फ्रेमचा वेग स्वतःच कमीजास्त करतं. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला असेल तर सुरुवातीला जुळवणीसाठी वाजवलेली टाळी जुळते आणि दहा मिनिटांनी ओठ पुढे, आवाज मागे. यावर उपाय म्हणजे सेकंदाला 25 फ्रेम कायम ठेवणारं ॲप वापरा, किंवा एडिटिंगआधी फाइल हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमधून स्थिर वेगाची करून घ्या.

आता घरातलं. चांगले घसघशीत पैसे मोजून टीव्ही आणायचा आणि सिनेमातले संवाद कळावेत म्हणून सबटायटल लावायचे, हे आता घरोघरी चाललंय. पॅनेल पातळ करताना स्पीकरला जागाच उरली नाही, ते खाली किंवा मागे तोंड करून बसवलेत. वर ॲप 5.1 चा, म्हणजे सहा चॅनेलचा, आवाज पाठवतं, त्यात संवाद मधल्या चॅनेलला असतात. ते दोन बारक्या स्पीकरमध्ये कोंबले की स्फोट मोठा आणि माणूस बारीक. ऑडिओच्या यादीत साधा स्टिरिओ ट्रॅक असेल तर तो निवडा, टीव्हीतलं नकली सराउंड बंद करा, स्पष्ट आवाजाचा मोड असेल तर चालू करा. फरक लगेच कळतो.

साउंडबारच्या खोक्यावरचे वॅट वाचून भुलू नका. ॲडॉप्टर उलटा करा आणि बारीक अक्षरातलं आउटपुट वाचा. 15 व्होल्ट, 2 ॲम्पिअर लिहिलं असेल तर गुणाकार होतो 30 वॅट. आत तीसच वॅट येत असताना बाहेर सतत 120 वॅटचा आवाज येणं अशक्य आहे. पीएमपीओ (क्षणभराचा फुगवलेला आकडा) असं छापलेलं दिसलं तर तो आकडा सरळ सोडून द्या. आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे वॅट, विचारा.

वायरलेस बड्समधली इवलीशी बॅटरी गोंदाने बसवलेली असते. लिथियम बॅटरी चारपाचशे चक्रांनंतर थकतेच, रोज चार्ज केली तर दीड वर्षात. ती बदलता येणार नाही हे खोक्यावर ठळक छापायला हवं, ते कुठेच छापत नाहीत. उलट वायरचा इअरफोन जॅकपाशी तुटला तर घरी दुरुस्त होतो. नवा जॅक आणा, वायर सोला. आतल्या रंगीत तारांवर लाखेचा थर असतो, तो सोल्डरिंगच्या गरम टोकाने जाळल्याशिवाय कथिल धरत नाही, आणि "सोल्डर केलं तरी चालत नाही" या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं. जॅकच्या टोकाला डावा कान, पुढच्या कड्याला उजवा, मग ग्राउंड, मग माइक. आणि प्लगचं झाकण वायरीत आधी ओवून घ्या, नाहीतर सगळं जोडून झाल्यावर पुन्हा तोडावं लागतं.

वॉरंटीत वस्तू बिघडली आणि कस्टमर केअर टोलवाटोलवी करत असेल, तर फोनवर भांडून घसा कोरडा करू नका. बिल, सिरियल नंबर आणि बिघाडाचा व्हिडिओ जोडून ईमेल करा, उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत स्वतःच लिहा. नंतर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. तरीही हालचाल नसेल तर ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात जा. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, वकील सक्तीचा नाही. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची आहे, आणि थर्मल कागदावरचं बिल त्याच्या कितीतरी आधी कोरं पडतं. वस्तू घरी आली की पहिल्याच दिवशी बिलाचा फोटो काढून स्वतःला मेल करून ठेवा.