कुणाचंही नाव न घेता

"मालक, स्थानिक राजकारणावर बोला. एकदम सडेतोड. फक्त कुणाचं नाव घेऊ नका." सेवाभावी क्लबच्या सचिवांचा फोन होता. "पक्षाचंही नको. आणि रस्त्याच्या कामांचं तर नकोच, आमचे माजी अध्यक्ष त्याच लाइनीत आहेत."

आपलं सदर कुणी वाचतं की नाही अशी शंका असलेला माणूस असल्या आमंत्रणाला नाही म्हणत नाही. शिवाय जेवण होतं.

साडेसातचा कार्यक्रम सव्वाआठला घंटा वाजवून सुरू झाला. मग वाढदिवसवाल्यांचे सत्कार, क्लबची पिन न लावणाऱ्यांना दंड. माझा परिचय वाचणाऱ्या गृहस्थांनी सदराचं नाव भलतंच सांगितलं. ते दुसऱ्या पेपरातलं होतं, आणि ते लिहिणाऱ्याशी माझं पटत नाही. टाळ्या मात्र कडकडून पडल्या. त्या कुणाच्या समजायच्या, देव जाणे.

सुरुवात बिनधोक केली. 1930 साली सोलापूरच्या नगरपालिकेवर तिरंगा फडकला, इंग्रजांनी मार्शल लॉ लावला, 12 जानेवारी 1931 ला आपले चार हुतात्मे फासावर गेले. टाळ्या. 1964 ला महानगरपालिका झाली. टाळ्या, जरा कमी. इथून पुढं एक पाऊल टाकायचं तर समोर कुणाचा साडू, कुणाचे व्याही, कुणाचा पार्टनर. 'विमानतळ' म्हटलं तर डावीकडची मंडळी खूश. विमानांच्या आड येते म्हणून 2023 मध्ये पाडलेल्या साखर कारखान्याच्या चिमणीचा विषय काढला, तर उजवीकडून कुणीतरी मोठ्यांदा खाकरलं. सचिवांनी माझ्यापुढं पाण्याचा ग्लास सरकवला. तो इशारा होता.

मग प्रशासकाकडं वळलो. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढं वर्षानुवर्षं निवडणूकच झाली नव्हती. अधिकाऱ्यांवर बोललं तर इथं कुणाचं काय बिघडणार? पण पहिल्याच रांगेत एक माजी नगरसेवक मान हलवत होते. त्यांची गाडी मी येतानाच पाहिली होती. काचेवर 'नगरसेवक' ही अक्षरं चौकातून वाचता येतील एवढी, आणि त्याच्या डोक्यावर 'माजी' इतकं बारीक, की मला वाकून चष्मा पुसावा लागला. सध्या या गावात सर्वांत प्रामाणिक राजकीय लिखाण तेच असावं. अर्थात हे मी बोललो नाही.

शेवटी पाण्यावर आलो आणि सभागृह जागं झालं. उजनी धरण आपल्याच जिल्ह्यात, क्षमता 117 टीएमसी. कितीतरी वर्षं आपण भीमेत पाणी सोडून शहराला पाणी देणारा औज बंधारा भरत आलो. शहर पितं त्याच्या कितीतरी पट पाणी वाटेतच संपणार, हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून उजनीहून थेट शहरात पाणी आणणारी समांतर जलवाहिनी. तिच्या नावानं किती निवडणुका लढवल्या गेल्या, ते मी सांगणार एवढ्यात मागून आवाज आला, "ओ साहेब, तुमच्याकडं कधी येतं?"

"मंगळवारी."

"किती वाजता?"

"पहाटे तीनला."

"आमच्याकडं दोनला, ते बी बारीक धार!"

झालं. माझं व्याख्यान तिथंच आटोपलं आणि त्यांचं सुरू झालं. उजनी भरलं तरी चार-पाच दिवसांआड आणि उजनी वजा, म्हणजे मृतसाठ्यात असलं तरी चार-पाच दिवसांआड, हे काय गणित आहे, असं एका काकूंनी माजी नगरसेवकांनाच उभं करून विचारलं. ते म्हणाले, "आता मी माजी आहे की." मग मराठी, कन्नड, तेलुगू अशा तिन्ही भाषांत नावं घेतली गेली. पक्षांची, ठेकेदारांची, व्हॉल्व फिरवणाऱ्या माणसाचंसुद्धा. रस्त्याच्या लाइनीतले माजी अध्यक्ष त्यात सगळ्यांत पुढं.

आभार मानताना सचिव म्हणाले, "पाहुण्यांनी कुणाचंही नाव न घेता परखड विचार मांडले." आणि मला सोलापुरी चादर दिली. सोलापुरात राहणाऱ्या माणसाला. घरात आधीच इतक्या आहेत, की पाहुणे आले तर त्यांना गादी मिळत नाही, चादरींवर चादरी मिळतात.

निघताना म्हणाले, "पुढच्या महिन्यात अध्यात्मावर या. आपल्या ग्रामदैवतावर, सिद्धरामेश्वरांवर बोला."

"नाव घेतलेलं चालेल?"

"बिनधास्त घ्या, मालक. गावात तलाव खोदून दाखवला त्यांनी. त्यांच्यावर कोण बोट ठेवणार?"