ब्रिटनमधला गॅस फिटर आणि आपली श्रमप्रतिष्ठा

महाराष्ट्रात बेरोजगारीचा विषय निघाला की दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. एक, मराठी मुलांना नळजोडणीची लाज वाटते, म्हणून ओडिशातल्या केंद्रापाड्याहून माणसं येऊन मुंबई-पुण्याची प्लंबिंगची कामं करतात. दुसरी, परदेशात बघा, प्लंबरला केवढा मान आणि केवढा पैसा! पहिलीत केंद्रापाड्याच्या लोकांनी पिढ्यानपिढ्या कमावलेल्या कसबाचा अपमान आहे. दुसरी अर्धीच खरी आहे. त्या अर्धवटपणाचा फटका ब्रिटनमध्ये राहून तिशी-चाळिशीत ऑफिसची नोकरी सोडून या धंद्यात उतरू पाहणाऱ्या आपल्या लोकांनाही बसतो.

ब्रिटनमध्ये नुसत्या पाण्याच्या प्लंबिंगला परवाना लागत नाही. कोणीही स्वतःला प्लंबर म्हणवून घेऊ शकतो. गॅसचं तसं नाही. १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार मोबदला घेऊन घरातल्या गॅसला हात लावायचा तर नोंदणी हवीच. ही नोंदवही १ एप्रिल २००९ पासून ‘गॅस सेफ’ या नावाने चालते. त्याआधी ती ‘कॉर्गी’ या संस्थेकडे होती. नोंदणीच्या कार्डावर पुढे फोटो आणि क्रमांक असतो, मागे त्या माणसाला कोणती कामं करता येतात त्यांची यादी. शेगडी जोडायची पात्रता असलेल्याने बॉयलर (घर आणि पाणी तापवणारं यंत्र) उघडला तर तो गुन्हा ठरतो. घरमालकाला भाडेकरूच्या घरातल्या गॅस उपकरणांची दर बारा महिन्यांनी तपासणी करून घ्यावी लागते, म्हणून कामही सतत येत राहतं. मान मिळतो तो या व्यवस्थेतून. ब्रिटनमधला समाज आपल्यापेक्षा उदार आहे म्हणून नव्हे.

आता कामाचं खरं स्वरूप. गळती तपासणी हेच उदाहरण घ्या, कारण नवशिका इथेच अडखळतो. उपकरणं बंद करायची, मीटरआधीचा मुख्य कॉक बंद करायचा, मग मीटरपाशी मॅनोमीटर (दाब मोजायचं साधन) लावायचा. दाब आधी फक्त ७ ते १० मिलिबारवर आणून एक मिनिट थांबायचं. दाब वर सरकला तर बंद कॉकमधून गॅस झिरपतोय. ही पायरी वगळली तर काय होतं? पाइपातून जेवढा गॅस बाहेर जातो तेवढाच कॉकमधून आत येतो, दाब जागचा हलत नाही आणि गळका पाइप ‘पास’ होतो. त्यानंतर दाब २० ते २१ मिलिबारवर न्यायचा, एक मिनिट स्थिरावू द्यायचा आणि पुढची दोन मिनिटं दाबावर नजर ठेवायची. उपकरण न जोडलेल्या नव्या पाइपात घट अजिबात चालत नाही. जुन्या घरात, साधा घरगुती मीटर आणि २८ मिलिमीटरपर्यंतचा पाइप असेल तर ४ मिलिबारपर्यंत चालते, पण वास येत नसेल तरच. नुकताच सोल्डर केलेला पाइप निवत असतानाच चाचणी घेतली तर गळती नसतानाही दाब उतरतो. उन्हात तापणाऱ्या पाइपात उलट होतं, खरी गळती झाकली जाते. शेवटी कॉक आणि रेग्युलेटरच्या सांध्यांवर गळतीशोधक द्रव मारायचा, कारण ते सांधे या चाचणीत येतच नाहीत.

दुसरी नेहमीची चूक पाइपाच्या मापाची. जुना १२ किलोवॉटचा बॉयलर काढून ३० किलोवॉटचा कॉम्बी (नळ सोडताच पाणी तापवून देणारा बॉयलर) बसवतात आणि १५ मिलिमीटरचा जुना पाइप तसाच ठेवतात. मीटरपासून बॉयलरपर्यंत दाबातली घट १ मिलिबारच्या आत हवी. गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडून, बॉयलर पूर्ण क्षमतेने चालू असताना मोजलं की हा पाइप नापास होतो. तिथे २२ मिलिमीटर लागतो, लांबी आणि कोपरे जास्त असतील तर काही अंतर २८ सुद्धा. प्रेस फिटिंग (सोल्डरऐवजी दाबून बसवायचा जोड) वापरताना गॅससाठी पिवळ्या खुणेची रिंगच घ्यायची. पाण्याच्या फिटिंगमधलं रबर गॅसने खराब होतं. आणि धातूचा गॅसपाइप कापण्याआधी दोन्ही बाजूंना जोडणारी तात्पुरती वायर लावायची. घरातल्या विजेत दोष असेल तर पाइप तुटताक्षणी हातातून करंट जातो.

हे सगळं काही आठवड्यांत येत नाही. तरीही ‘नोकरी सोडा, गॅस इंजिनिअर व्हा’ अशा जाहिरातींचे झटपट कोर्स हजारो पाउंडांना विकले जातात. नोंदणीसाठी मूल्यमापन द्यावं लागतं. नवख्याला त्याआधी नोंदणीकृत इंजिनिअरच्या देखरेखीखाली खऱ्या घरांत केलेल्या कामांची फाइल दाखवावी लागते. कोर्सचं प्रमाणपत्र हातात असूनही ही फाइल भरत नाही, कारण नवशिक्याला सोबत न्यायला कोणी तयार नसतं. म्हणून पैसे भरण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारा: प्रत्यक्ष कामाची जागा कोण देणार? गोलमोल उत्तर आलं तर तिथे नाव घालू नका. आधी कॉलेजात संध्याकाळच्या वर्गात लेव्हल २ चं प्लंबिंग करा, शनिवारी कोणाचा तरी मदतनीस व्हा, गॅसकडे मग वळा. चाळिशीनंतर माळ्यावर आणि सिंकखाली गुडघ्यांवर तासन् तास काम होतं का, तेही तेव्हाच कळेल. फ्ल्यू गॅस अ‍ॅनालायझर, म्हणजे बॉयलरच्या धुरातले वायू मोजणारं यंत्र, महाग असतं आणि दरवर्षी कॅलिब्रेट करावं लागतं. मूल्यमापन दर पाच वर्षांनी पुन्हा असतं. उत्पन्नाचा हिशेब हे खर्च धरून करा.

आता घरच्या चर्चेकडे. मुंबई-पुण्यात पाइपगॅसची जोडणी कंपनीने नेमलेली माणसंच करतात, ती बाजू बरीचशी बांधलेली आहे. उघडी पडलेली बाजू गॅस गीझरची. बंद न्हाणीघरात, धूर बाहेर नेणारा पाइप नसलेला गीझर खोलीतलाच प्राणवायू वापरतो. तो कमी पडला की ज्वलन अपुरं राहतं, कार्बन मोनॉक्साइड साठतो, आणि त्याला ना रंग ना वास. अंघोळीला गेलेलं माणूस बाहेर येत नाही. आपल्या वर्तमानपत्रांत दर हिवाळ्यात अशी बातमी येते आणि दोष ‘गॅसगळती’ला दिला जातो. गळलेल्या एलपीजीला वास असतो. इथे मारतो तो ज्वलनातून निघालेला कार्बन मोनॉक्साइड. ब्रिटनच्या त्याच १९९८ च्या नियमांत न्हाणीघरात फक्त बंदिस्त उपकरण बसवायला परवानगी आहे, म्हणजे हवा बाहेरून घेणारं आणि धूर बाहेरच सोडणारं.

श्रमप्रतिष्ठेवरच्या परिसंवादांपेक्षा महाराष्ट्राला हा एक नियम जास्त उपयोगी पडेल. आयटीआयचा प्लंबरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. त्याला जोडून दाबचाचणी आणि ज्वलनचाचणीची वेगळी परीक्षा ठेवा, ती उत्तीर्ण झालेल्यानेच गीझर बसवावा असं ठरवा, आणि त्याचा नोंदणी क्रमांक व तपासणीची तारीख गीझरवर चिकटवणं सक्तीचं करा. ती परीक्षा कोकणातल्या मुलीने दिली काय, केंद्रापाड्याच्या मुलाने दिली काय, घरमालकाला क्रमांक तपासता आला की पुरे.