चोरी झाली की पालावरच का जायचं? त्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार वेगवेगळ्या ग्रुपवर आलाय, आणि पाठवणारे सगळे ओळखीचे, घरी जेवायला बसणारे लोक आहेत म्हणून गप्प बसवत नाही. मेसेजचा मजकूर थोडक्यात असा की पारधी हे जन्मजात गुन्हेगार, म्हणून पोलिस त्यांच्याच पालावर, म्हणजे तंबूच्या वस्तीवर, जातात. इंग्रजांचा कायदा कधीच रद्द झाला, आता कसला अन्याय. निर्दोष असेल त्याला कोर्ट सोडतंच. सवलती घेतात पण सुधारत नाहीत. पोलिसांचे हात बांधले तर रोज दरोडे पडतील. आणि शेवटी, गावानं ठराव करून पालं उठवावीत.

मी पारधी नाही, शेतकरी घरातला आहे. आमच्याही विहिरीवरची मोटार चोरीला गेलेली आहे आणि ऐन पाण्याच्या दिवसात मोटार गेली की काय होतं ते मला कुणी सांगायची गरज नाही. तरीपण हा मेसेज खोटा आहे, आणि कुठं कुठं खोटा आहे ते एकेक करून लिहितो.

"जन्मजात गुन्हेगार"

हा शब्द आपल्या आजोबा-पणजोबांचा नाही, हा इंग्रजांच्या कायद्यातून आलेला आहे. १८७१ साली क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट आला, आधी उत्तरेकडं लागू झाला, १९११ च्या कायद्यानंतर आपल्या मुंबई इलाख्यात आला. त्यामागचा विचार काय तर सुताराचा पोर सुतार होतो, विणकराचा विणकर, मग चोराचा पोर चोरच होणार. म्हणजे आपली जातीची उतरंड त्यांनी उचलली आणि तिचा फौजदारी कायदा करून टाकला. जमातीचं नाव यादीत गेलं की त्यात जन्मलेलं माणूस संशयित, त्यानं काही केलंय का नाही हा प्रश्नच नाही. नाव नोंदवायचं, बोटांचे ठसे द्यायचे, हजेरी लावायची, दुसऱ्या गावाला जायचं तर पास काढायचा. सोलापूरसारख्या ठिकाणी तारांच्या कुंपणाआड सेटलमेंट होती, आणि पोरांना आईबापांपासून काढून वेगळं ठेवायचीसुद्धा तरतूद कायद्यात होती.

आता ही यादी नुसती पारध्यांची होती असं वाटत असेल तर महाराष्ट्रातल्या विमुक्त जातींची, म्हणजे त्या कायद्यातून पुढं मोकळ्या झालेल्यांची, १४ नावं काढून बघा, त्यात रामोशी आहेत, बेरड, वडार, कैकाडी, कंजारभाट, बंजारा पण आहेत. रामोशी म्हणजे गावाची आणि किल्ल्यांची राखण करणारे लोक. ज्या उमाजी नाईकांना ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात फाशी दिली, त्यांचा समाज! वडार दगड फोडायचे, बंजारे बैलांच्या तांड्यावर मीठ आणि धान्य वाहायचे, रेल्वे आली आणि तो धंदा बसला. फिरणारा माणूस म्हणजे सरकारच्या हिशोबात न बसणारा माणूस, म्हणून तो गुन्हेगार. यातल्या कुणाच्या रक्तात काय होतं याचा तपास कुणी केलेला नव्हता.

फासेपारधी तर नावाप्रमाणं फासे लावून तितर, लावे, हरणं धरणारे. १९७२ ला वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि पिढ्यानपिढ्याचा उद्योग एका झटक्यात गुन्हा झाला. जंगल वाचवायला कायदा हवाच होता, पण त्यांनी उद्यापासून खायचं काय ते कुणी विचारलं नाही, जमीन तर नव्हतीच.

पारध्यांमध्ये कुणीच चोरी करत नाही असं मी म्हणत नाही. ज्यानं केली त्याला धरा, त्याचं नाव घ्या, पुरावा आणा, शिक्षा करा. आमच्याकडं डाळिंबाच्या बागा राखायला जी कुटुंबं ठेवलीत त्यात पारधी आहेत, लाखाचा माल त्यांच्या भरवशावर टाकून बागायतदार घरी झोपतात, आणि त्यातलाच एक बागायतदार सकाळी उठून हा मेसेज फॉरवर्ड करतो, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि "पोलिस रेकॉर्ड बघा" म्हणणाऱ्यांनी हे सांगावं की शेताच्या एकाच कोपऱ्यात दहा बोअर मारल्या आणि दोनाला पाणी लागलं तर बाकीचं शेत कोरडं आहे असं म्हणता येईल का? तिथं बोअर मारलीच नाही ना. चोरी झाली की पहिली गाडी पालावर, चौकशीला उचललेल्यांची नावं वहीत, पुढच्या चोरीला तीच वही उघडायची, तिच्यातलीच माणसं परत उचलायची, मग वही अजून जाड. हा माझ्या मनचा आरोप नाही. अमानतुल्ला खान केसमध्ये मे २०२४ ला सुप्रीम कोर्टानंच सांगितलं की मागास, दलित, आदिवासी किंवा गरीब घरातला आहे एवढ्यावरून निरपराध माणसांची नावं हिस्ट्रीशीटमध्ये, म्हणजे पोलिसांच्या नजर ठेवायच्या यादीत, यांत्रिकपणे घातली जाऊ नयेत, आणि राज्यांनी आपापल्याकडं हे तपासावं. कुठंच होत नसतं तर कोर्टाला सांगावं लागलं असतं का?

"कायदा रद्द झाला, आता कसला अन्याय"

रद्द झाला हे खरं. या कायद्याचा अभ्यास करणाऱ्या अय्यंगार समितीचा अहवाल आला आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, म्हणून ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. देश १९४७ ला स्वतंत्र झाला आणि ही माणसं पाच वर्षांनी, हे आधी डोक्यात घ्या. पण मेसेज इथंच थांबतो. पुढं सवयीच्या गुन्हेगारांचे कायदे आले, आपल्याकडं बॉम्बे हॅबिच्युअल ऑफेंडर्स अ‍ॅक्ट १९५९ चा. कागदावर त्यात जमात नाही, व्यक्ती आहे. पण ज्या ठाण्यात काल जमातीची वही होती तिथं आज सवयीच्या गुन्हेगारांची वही आली, तर तिच्यात कोणाची नावं पहिली जाणार? राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं २००० मध्ये हे कायदे रद्द करा म्हटलं, वंशभेदाविरुद्ध काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीनं २००७ मध्ये भारताला तेच सांगितलं.

आणि अगदी आत्ताचं सांगतो. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुकन्या शांता केसचा निकाल लागला, तोपर्यंत काही राज्यांच्या तुरुंगाच्या नियमपुस्तकात भटक्या आणि 'गुन्हेगार' जमातींचा उल्लेख होता आणि कामं जातीवर वाटायची सोय होती. सुप्रीम कोर्टानं ते घटनाबाह्य ठरवलं आणि वर पोलिसांना वेगळं बजावलं की विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक करू नका. संपलेल्या अन्यायावर २०२४ ला आदेश निघत नसतो.

"निर्दोष असेल तर कोर्ट सोडतंच"

हा सगळ्यात चांगला वाटणारा मुद्दा आहे आणि माझ्या मते सगळ्यात क्रूर.

२००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात एका शेतवस्तीवर दरोडा, खून आणि बलात्कार झाला, भयानक गुन्हा. भटक्या जमातीतले सहा जण धरले. २००६ ला खालच्या कोर्टात सहाही जणांना फाशी, हायकोर्टानं तिघांची कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली, २००९ ला सुप्रीम कोर्टानं परत सहाच्या सहा जणांना फाशी. मग ५ मार्च २०१९ ला त्याच सुप्रीम कोर्टानं फेरविचारात सहाही जण निर्दोष सोडले. का? तर हल्ल्यातून वाचलेल्या बाईनं अगदी सुरुवातीला पोलिसांच्या अल्बममधनं चार वेगळ्याच माणसांचे फोटो ओळखले होते, आणि त्या दिशेनं तपास झाला नाही, उलट ती गोष्ट कोर्टापुढं नीट येऊच दिली नाही. सहापैकी एक जण तर गुन्हा घडला तेव्हा अल्पवयीन होता. कोर्टानं प्रत्येकाला ५ लाख द्यायला आणि चुकार अधिकाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं. तोवर १६ वर्षं गेलेली होती.

कोर्टानं सोडलं, हो ना? १६ वर्षांनी, फासाच्या दोराखालून.

बरं ही तर मोठी केस, रोजच्या बारक्या केसेसचं काय? २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगात ५ लाख ७३ हजार माणसं होती, त्यातली जवळजवळ ७६ टक्के कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही. जामीन मंजूर झाला तरी जामीनदार लागतो, जामीनदाराला सातबारा किंवा सॉल्व्हन्सी, म्हणजे ऐपतीचा दाखला, लागतो, आणि पालावरच्या माणसाच्या नात्यागोत्यात सातबारा कुणाकडं असतो? गावातला शेतकरी पारध्याला जामीन राहत नाही, राहिला तर पुढची दहा वर्षं ऐकून घेतो. मग एक मोटार चोरीच्या संशयातला पोरगा वर्षभर आत. बाई तारखेला तालुक्याला जाते, त्या दिवसाची मजुरी बुडते, तारीख पुढं जाते.

हे मला माहीत आहे कारण एका अशा केसमध्ये पंच म्हणून, म्हणजे जप्तीचा साक्षीदार म्हणून, माझी सही आहे. तेव्हा मी तिशीत होतो, ठाण्यातनं बोलावणं आलं, साहेब म्हणाले दोन मिनिटांचं काम आहे, सही करा. मुद्देमाल मी बघितला नाही, कुठं सापडला ते बघितलं नाही, कागद वाचला नाही, चहा घेतला आणि सही करून आलो. तो पोरगा चौदा महिने आत होता. साक्षीला उभा राहिलो तेव्हा वकिलानं विचारलं माल कुठनं काढला ते तुम्ही बघितलं का, आणि मी खरं सांगितलं की नाही बघितलं. तो सुटला. बाहेर व्हरांड्यात त्याची आई मला हात जोडत होती, खरं सांगितलं म्हणून. मला तिच्याकडं बघता आलं नाही.

"सवलती घेतात पण सुधारत नाहीत"

थोडक्यात सांगतो. फासेपारधी अनुसूचित जमातीत आहेत, राज पारधी आणि पाल पारधी विमुक्त जातीत. दाखल्याला पुरावा मागतात तो अनुसूचित जमातीसाठी १९५० च्या आधीचा आणि विमुक्तांसाठी १९६१ च्या आधीचा, राहण्याचा आणि जातीचा. ज्यांना कुठल्याच गावानं टिकू दिलं नाही त्यांनी साठ-पंच्याहत्तर वर्षांपूर्वीचा कागद कुठनं आणायचा? शाळेचं म्हणाल तर रात्री पालावर रेड पडली की सकाळी शाळेत पोर येत नाही, आणि पाल हललं की पटावरचं नावच जातं. सवलत मिळाली असती तर घेतली असती.

"पोलिसांचे हात बांधले तर दरोडे पडतील"

कुठले नियम म्हणजे हात बांधणं, ते तरी बघू. अटक केली तर साक्षीदाराच्या सहीचा अटकेचा मेमो करायचा, घरच्यांना कळवायचं, वैद्यकीय तपासणी करायची, हे सुप्रीम कोर्टाच्या डी. के. बसू केसपासून आहे. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं, हे तर घटनेच्या २२ व्या कलमात आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल तर अटकेची गरज लेखी दाखवायची, नाहीतर नोटीस द्यायची, हे २०१४ च्या अर्नेश कुमार निकालातलं. ठाण्यात सीसीटीव्ही लावायचे आणि रेकॉर्डिंग ठेवायचं, हे सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या आदेशातलं. पोलिसांविरुद्ध तक्रार ऐकायला वेगळं प्राधिकरण हवं, हे २००६ च्या प्रकाश सिंग निकालातलं, ते महाराष्ट्राच्या कायद्यात २०१४ च्या दुरुस्तीनं आलं. यातला एक तरी नियम चोराला मदत करतो का? उद्या तुमच्या पोराला कुणी चुकून उचललं तर तुम्ही हेच सगळे नियम मागणार आहात.

पोलिसांची बाजू मला दिसत नाही असं नाही. माझा एक वर्गमित्र हवालदार आहे, एका बीटला पंधरावीस गावं, बंदोबस्त वेगळा, वरनं रोज डिटेक्शन किती झालं, म्हणजे किती गुन्हे उघडकीला आले, म्हणून विचारणा, आणि आपण गावकरी तिसऱ्या दिवशी मोर्चा घेऊन जातो की चोर कधी धरणार. मग चोर सापडला नाही तर आरोपी तरी दाखवावा लागतो. म्हणजे पालावर जाणाऱ्या गाडीला धक्का आपणपण देतो. पण नाशिकच्या केसमध्ये अल्बममधल्या त्या चौघांचं काय झालं याचा विचार करा. चुकीचा माणूस आत गेला की केस बंद होते, आणि ज्यानं खरंच तुमची मोटार नेली तो पुढच्या शिवारात मोकळा फिरतो. दरोडे यानं वाढतात, सीसीटीव्हीनं नाही.

"ठराव करून पालं उठवा"

हे तर सरळ बेकायदा आहे. अनुसूचित जमातीच्या कुटुंबाला घर किंवा गाव सोडायला भाग पाडणं हा अ‍ॅट्रॉसिटीच्या कायद्यात गुन्हा आहे, ठरावावर सह्या करणारेही त्यात येऊ शकतात. विमुक्त जातीतल्यांना तर त्या कायद्याचं संरक्षणही नाही, म्हणून त्यांना उठवणं अजून सोपं जातं. आणि मोबाईलवरच्या मेसेजनं काय होतं ते आपण १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात बघितलंय. पोरं पळवणारी टोळी आल्याची अफवा, आणि भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारलं. त्यांच्याबद्दलचा मेसेजपण कुणीतरी ओळखीच्यानंच पाठवला असणार.

ज्यांनी मला हा मेसेज पाठवला त्या चौघांनाही हे सगळं पाठवतोय. अजून एक, आपल्यातल्या बऱ्याच जणांना कधी ना कधी पंच म्हणून बोलावणं येतं. १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) लागू आहे, झडती आणि जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करणं बंधनकारक आहे, मोबाईलवर केलं तरी चालतं. सही करायच्या आधी रेकॉर्डिंग चालू आहे का विचारा, माल डोळ्यांनी बघा, कागद पूर्ण वाचा. साहेब चिडले तर चिडू द्या. मागच्या महिन्यात मी विचारलं, तर त्यांनी मोबाईल काढला आणि चालू केला.