नाव घेऊन आभार माना

सॉफ्टवेअर नीट चाललं की कुणी पत्र लिहीत नाही. ओपन सोर्स प्रकल्प, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो असं सॉफ्टवेअर, सांभाळणाऱ्या माणसाच्या (त्याला मेंटेनर म्हणतात) इनबॉक्समध्ये येऊन पडतं ते बहुतेक सगळं काहीतरी बिघडल्याचंच असतं. लाखो लोकांची कामं बिनबोभाट होतात, त्याची नोंद कुठेच होत नाही. एकाचं अडलं की तो मात्र तावातावाने इश्यू उघडतो, म्हणजे प्रकल्पाच्या पानावर जाहीर तक्रार नोंदवतो. वर्षानुवर्षं हेच ऐकल्यावर, आपण केलेलं काम कुणाच्या उपयोगी पडतंय तरी का, असं त्या माणसाला वाटू लागलं तर नवल नाही.

कुठल्याही गाजलेल्या प्रकल्पाचं इश्यूंचं पान उघडा. एखादा जुना, चिवट बग सापडेल. त्याखाली ओळीने लिहिलेलं असतं: "मलाही हेच होतंय", "काही अपडेट?", "अजून झालं नाही?", "इतकी वर्षं झाली, लाज वाटायला हवी". मग एके दिवशी मेंटेनर वेळ काढून तो बग सोडवतो, नव्या रिलीजमध्ये घेतो, इश्यू बंद करतो. पुढे पानावर शुकशुकाट. एवढे सगळे ताटकळत होते, पण त्यांतल्या एकालाही "झालं, चालतंय, धन्यवाद" एवढं लिहावंसं वाटत नाही. मला या शुकशुकाटाचा मनापासून राग येतो.

याची किंमत किती मोठी असू शकते हे एक्सझेड युटिल्सच्या प्रकरणात दिसलं. फाइली लहान करण्याचं हे साधन जवळपास प्रत्येक लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिममध्ये असतं आणि ते बरीच वर्षं मुख्यतः लासे कॉलिन हा एकच माणूस सांभाळत होता. २०२२ मध्ये मेलिंग लिस्टवर त्याच्यामागे तगादा सुरू झाला: पॅच (इतरांनी पाठवलेले कोडमधले बदल) का घेत नाहीस, झेपत नसेल तर दुसऱ्याला दे. त्याने तिथेच लिहिलं की मानसिक आरोग्याच्या तक्रारींमुळे आपल्याला फारसं जमत नाही, आणि हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे हे लक्षात ठेवा. त्या काळात मदतीला धावून आलेला, नियमित पॅच पाठवणारा 'जिया टॅन' सहमेंटेनर झाला. त्यानेच पुढे २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातला. एसएसएच लॉगिनला, म्हणजे दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरायला, अर्धा सेकंद जास्त का लागतोय, म्हणून अँड्रेस फ्रॉइंड हा प्रोग्रामर खोलात गेला आणि २९ मार्चला सगळं उघड झालं. तगादा लावणारी ती खाती बनावट असावीत असं आज मानलं जातं. पण ती खपून गेली, कारण खरे वापरकर्तेही त्याच सुरात बोलतात. दोन शब्द चांगले लिहिले असते तर हल्ला टळला असता, असं मी म्हणणार नाही. थकलेल्या माणसाजवळ मदत करू म्हणणारा फक्त हल्लेखोर होता, हे मात्र मला अजून बोचतं.

आता आभार मानायचे म्हणजे नक्की काय करायचं? माझं मत असं की नाव घेऊन, कामाचा उल्लेख करून, आणि शक्यतो प्रकल्पाच्या इतिहासात कायम राहील अशा जागी मानावेत. लिनक्स कर्नलची, म्हणजे त्या सिस्टिमच्या गाभ्याची, पद्धत मला फार आवडते. तिथे कमिट मेसेजच्या, म्हणजे प्रत्येक बदलासोबतच्या टिपणाच्या, तळाशी 'रिपोर्टेड-बाय', 'टेस्टेड-बाय', 'रिव्ह्यूड-बाय' अशा ओळी असतात. बग कुणी कळवला, दुरुस्ती स्वतःच्या मशीनवर कुणी चालवून पाहिली, कोड कुणी तपासला, सगळ्यांची नावं त्या बदलाबरोबर कायमची राहतात. कोड लिहिणाऱ्याचं नाव गिट, म्हणजे बदलांचा इतिहास ठेवणारं साधन, आपोआप नोंदवतं. बाकीच्यांचं कुणीतरी आठवणीने लिहावं लागतं, आणि तिथेच बहुतेक प्रकल्प कमी पडतात. डॉक्युमेंटेशन सुधारणारे, भाषांतर करणारे, नवख्यांच्या त्याच त्या प्रश्नांना न चिडता उत्तर देणारे, अर्धवट बग रिपोर्टवरून नेमकं काय बिघडतंय ते शोधून काढणारे, यांच्याशिवाय प्रकल्प चालत नाही. पण योगदानाच्या आलेखात ते दिसतही नाहीत.

नुसती मोजदाद करून बक्षीस वाटलं तर काय होतं तेही पाहून झालंय. हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरमधल्या उपक्रमात २०२० मध्ये ठराविक पुल रिक्वेस्ट (आपला बदल घ्या अशी प्रकल्पाला विनंती) पाठवल्या की टी-शर्ट मिळायचा. त्यासाठी लोकांनी रीडमी या माहितीच्या फाइलीत एखादा शब्द घुसवून पुल रिक्वेस्टींचा पाऊस पाडला. मेंटेनर इतके वैतागले की आयोजकांना काही दिवसांतच नियम बदलावा लागला: प्रकल्पाने स्वतःहून होकार दिला तरच त्यातल्या पुल रिक्वेस्ट धरायच्या. याउलट २०२१ मध्ये इंजेन्युइटी हेलिकॉप्टर मंगळावर उडालं, तेव्हा त्यात वापरलेल्या प्रकल्पांना हातभार लावलेल्या सुमारे १२,००० जणांच्या प्रोफाइलवर गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाने बॅज लावला. आपला कोड तिथवर पोचलाय हे त्यांतल्या अनेकांना ठाऊकही नव्हतं. बॅज म्हणजे शेवटी एक छोटंसं चित्र, पण तुमचं काम कुठे पोचलं हे त्यातून कळतं. म्हणून ते मला पटलं.

कंपन्यांनी मात्र गोड शब्दांवर भागवू नये. २०१४ मध्ये हार्टब्लीड ही सुरक्षेतली त्रुटी उघड झाली तेव्हा कळलं की अर्धं इंटरनेट ज्या ओपनएसएसएलवर (इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणारं साधन) विसंबून आहे, त्याला वर्षाला जेमतेम २,००० डॉलर देणगी मिळते आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच आहे. २०२२ च्या जानेवारीत एका बड्या कंपनीने कर्ल हे इंटरनेटवरून डेटा आणणारं साधन सांभाळणाऱ्या डॅनियल स्टेनबर्गला लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या साधनातल्या सुरक्षा त्रुटीबद्दल प्रश्नावली पाठवली आणि २४ तासांत उत्तर मागितलं. कर्लमध्ये लॉगफोरजे नाहीच. सपोर्टचा करार करा, सगळी उत्तरं आनंदाने देतो, असं त्याने कळवलं. अगदी योग्य केलं. ज्यांचा धंदा यावर चालतो त्यांनी पैसे द्यावेत, किंवा आपल्या माणसांना कामाच्या वेळेत तिथे काम करू द्यावं.

बाकी आपण सगळ्यांनी या आठवड्यात एक प्रोग्राम निवडावा, रोज वापरतो आणि ज्याचा कधी विचारही करत नाही असा. चेंजलॉग (बदलांची यादी) उघडून आपल्याला उपयोगी पडलेला बदल कुणी केला ते बघावं. त्याला तीन ओळी लिहाव्यात: कशासाठी वापरतो, कोणत्या बदलाने काय सोपं झालं, धन्यवाद. पन्नास जण ज्या इश्यूवर लक्ष ठेवून आहेत तिथे नको, सगळ्यांना उगाच नोटिफिकेशन जातं. ईमेल किंवा चर्चेचं पान बरं. डेबियन हा लिनक्सचा प्रकार वापरणाऱ्यांना तर रिपोर्टबग या बग कळवण्याच्या साधनात त्यासाठी 'कुडोस' (शाबासकी) नावाचा पर्यायच आहे. आणि त्याच पत्रात कृपा करून नवं फीचर मागू नका.