रेडलाईनच्या वर 'हजार आरपीएम शिल्लक' असतात? त्या मेसेजचा एकेक मुद्दा बघू

नाशिकच्या गाडीवाल्या ग्रुप्समध्ये सध्या एक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आला असेल. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की कंपनी वॉरंटीच्या भीतीने रेडलाईन (इंजिन जास्तीत जास्त किती फिरवायचं ती मीटरवरची लाल हद्द) मुद्दाम कमी ठेवते, कुठलंही टर्बो पेट्रोल इंजिन त्याच्यावर अजून हजार आरपीएम (मिनिटाला फेरे) आरामात फिरतं, होंडाची एस२००० ही स्पोर्ट्स कार नऊ हजार फिरते मग आपली का नाही, तेव्हा रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) करताना लिमिटर (ठराविक आरपीएमच्या वर इंजिनला अडवणारी सेटिंग) वर सरकवून घ्या आणि लिमिटर कुठेही असो, तो आहे तोवर इंजिनला काही होतच नाही. वर सकाळी थंड इंजिनला चार रेव्ह मारून मोकळं करायचा सल्ला. पोरं हप्त्यावर घेतलेल्या गाड्यांवर हे करायला निघालीत म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

कंपनी मार्जिन ठेवते हे खरंय, ते कुणी नाकारत नाही. पण ते मार्जिन तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलेलं नाहीये, ते आधीच खर्ची पडलंय. अंबड-सातपूरच्या कारखान्यात सीएनसी मशीनवर उभा राहणाऱ्याला हे समजावायला नको, ड्रॉइंगवर टॉलरन्स (मापात थोडं कमी-जास्त चालण्याची मुभा) असतो, पिस्टनला क्रँकशी जोडणारे लाखभर कनेक्टिंग रॉड निघाले तर लाखच्या लाख सारखे निघत नाहीत. रेडलाईन ठरवताना त्यातला सगळ्यात कमजोर रॉड, बरीच वर्षं दाबून दाबून ढिली पडलेली व्हॉल्व्ह स्प्रिंग (झडप मिटवणारी), मे महिन्यातलं ऊन आणि सर्व्हिसिंग लांबवणारा मालक हे सगळं धरावं लागतं. तुमच्या गाडीतला रॉड त्या लाखातला कितवा हे तुम्हालाही माहीत नाही आणि रिमॅपवाल्यालाही नाही.

आता हजार आरपीएमने असा काय फरक पडतो, तर इथेच खरी गोम आहे. गोफण दुप्पट वेगाने फिरवली की हाताला ओढ दुप्पट नाही, चौपट बसते, इंजिनातही तेच. ६५०० वरून ७५०० ला गेलात तर आरपीएम १५ टक्के वाढले पण रॉडवरचा ताण ३३ टक्के वाढला. आकड्यात बघायचं तर फोक्सवॅगनचं १.५ टीएसआय घ्या, व्हर्टसमध्ये येतं ते, त्याचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वर-खाली जेवढा सरकतो ते अंतर, ८५.९ मिमी आहे. पिन धरून पिस्टन समजा ३५० ग्रॅमचा. ६००० ला तो वरच्या टोकाला थांबून उलट फिरताना रॉडला अंदाजे ७९० किलोच्या जोराने खेचतो, ७००० ला तेच १०७० किलोच्या आसपास जातं, आणि हे सेकंदाला शंभराहून जास्त वेळा.

यात एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. बूस्ट (टर्बोने आत कोंबलेल्या हवेचा दाब) वाढवलं की रॉड दाबला जातो, आरपीएम वाढवले की रॉड ताणला जातो. पॉवर स्ट्रोकला (पेट्रोल पेटून पिस्टन खाली ढकलला जातो तेव्हा) वरून गॅसचा दाब असतो, तो ही ओढ काही प्रमाणात झेलतो, पण एक्झॉस्ट स्ट्रोकच्या (जळलेला गॅस बाहेर ढकलण्याच्या) शेवटी व्हॉल्व्ह उघडे असतात, वर दाब जवळपास नसतोच आणि सगळी ओढ रॉडच्या दोन बोल्टवर येते. म्हणून "स्टेज वन (पहिल्या पायरीचा रिमॅप) सहन करतंय म्हणजे जास्त आरपीएम पण सहन करेल" हे लॉजिकच चुकीचं आहे, ते दोन वेगळे ताण आहेत.

एस२००० चं उदाहरण तर त्यांच्याच विरोधात जातं. त्या गाडीचं एफ२०सी इंजिन नऊ हजारांच्या आसपास फिरायचं कारण ते पहिल्या दिवसापासून तेवढ्यासाठीच बनवलं होतं, फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) रॉड, ८४ मिमीचा आखूड स्ट्रोक, व्हॉल्व्ह ट्रेन (व्हॉल्व्ह उघडमिट करणारी यंत्रणा) सगळं त्या हिशोबाने. नंतर होंडानेच त्याचं २.२ लिटर केलं, स्ट्रोक ९०.७ मिमी झाला, आणि रेडलाईन त्यांनी स्वतः खाली आणून ८००० वर ठेवली. साडेसहा-सात मिमी स्ट्रोक वाढला म्हणून हजाराच्या आसपास आरपीएम सोडून दिले, ते पण ज्या कंपनीची ओळखच जास्त फिरणारी इंजिनं आहे तिने! मग आपण लॅपटॉपवर एक आकडा बदलून हजार वाढवतोय ते कशाच्या जोरावर?

लिमिटर आहे तोवर काही होत नाही, हा मला सगळ्यात घातक मुद्दा वाटतो. लिमिटर फक्त पेट्रोल नाहीतर स्पार्क तोडतो, म्हणजे इंजिन स्वतःच्या ताकदीने वर जायचं थांबतं. पण चाकांनी इंजिनला फिरवलं तर तो काय करणार? कसारा घाट उतरताना पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढलेला असतो, तेव्हा ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) पेट्रोल आधीच बंद केलेलं असतं, तोडायला काही उरलेलंच नसतं. मॅन्युअल गाडीत तिसऱ्यात ६००० ला चौथा टाकायला गेलात आणि घाईत दुसरा पडला, तर तिसऱ्याचा रेशो १.३ आणि दुसऱ्याचा २ धरला तरी क्लच सुटताच इंजिन ९२०० च्या वर जातं. डीएसजी (फोक्सवॅगनचा दोन क्लचवाला ऑटोमॅटिक) किंवा साध्या ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्स असा गिअर घेतच नाही, मॅन्युअलला ती सोय नाही.

व्हॉल्व्ह उघडायचं काम कॅम (फिरत्या दांड्यावरचा उंचवटा) करतो, मिटवायचं काम एकट्या स्प्रिंगचं. स्प्रिंगच्या आवाक्याबाहेर आरपीएम गेले की व्हॉल्व्ह वेळेत मिटत नाही आणि खालून पिस्टन येऊन त्याला गाठतो. नाशिकच्या द्वारकेजवळच्या एका गॅरेजात असंच हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवलेलं इंजिन बघितलंय, मॅन्युअल हॅचबॅकचं, लिमिटर कंपनीचाच, फक्त गिअर चुकला होता. पिस्टनच्या डोक्यावर नखाएवढे अर्धगोल ठसे. मेकॅनिकने एक व्हॉल्व्ह काचेवर आडवा ठेवून बोटाने फिरवला तर त्याची चकती डगमगताना साफ दिसत होती, नुसत्या नजरेला तो सरळच वाटत होता. पोर्शच्या ईसीयूत रेडलाईनच्या वर गेलेले फेरे टप्प्याटप्प्याने नोंदवले जातात आणि जुनी पोर्श घेणारा माणूस आधी तो रिपोर्ट मागतो, यावरून काय ते समजा.

थंड इंजिनचं म्हणाल तर तो सल्ला सरळ उलटा आहे. जानेवारीत आपल्याकडे सकाळी पारा आठ-दहावर येतो, निफाडला त्याच्याही खाली, तेव्हा ऑइल दाट असतं, बेअरिंग आणि टर्बोपर्यंत जसं पोचायला हवं तसं पोचत नाही. आणि पाण्याचा काटा ९० ला आला म्हणजे ऑइल गरम झालं असं नाही, ऑइल मागून तापतं. बीएमडब्ल्यूने ई४६ पिढीच्या एम३ या स्पोर्ट्स कारच्या आरपीएम मीटरभोवती दिवेच लावले होते, ऑइल तापेल तसे एकेक विझत जायचे आणि वापरायची हद्द वर सरकायची. आपल्या गाडीत दिवे नसले तरी गंगापूर रोडने निघालात की पहिली दहा-पंधरा मिनिटं अडीच-तीन हजारात चालवा, ज्यांच्या मीटरमध्ये ऑइल टेंपरेचर दिसतं त्यांनी तेच बघा.

फायदा म्हणाल तर तोही नाही. १.५ टीएसआयचा पूर्ण २५० एनएम टॉर्क (फिरवण्याचा जोर) १६०० ते ३५०० मध्ये मिळतो आणि १५० पीएस ताकद ५००० ते ६००० मध्ये, छोटा टर्बो त्याच्यावर दम धरत नाही. सात हजाराला नेऊन तुम्ही फक्त आवाज ऐकताय, तोवर वरचा गिअर टाकलेला गाडीवाला पुढे गेलेला असतो.

याचा अर्थ रेडलाईनला घाबरून रहा असा नाही हं. ऑइल तापलेलं असेल, लेव्हल बरोबर असेल, तर समृद्धीवर चढताना रॅम्पवर रेडलाईनपर्यंत खुशाल न्या, इंजिन त्यासाठीच बनलंय. रिमॅप करायचाच असेल तर ट्यूनरला लिमिटर स्टॉक ठेवायला सांगा, आणि आधीच वाढवून घेतला असेल तर तेवढा एक आकडा परत कंपनीचा टाकून घ्या, बाकीचा रिमॅप तसाच राहतो.