विंडोजचा फायरवॉल बाहेर जाणारंही अडवतो

संगणकाच्या सुरक्षेवरच्या एका लेखात म्हटलंय की विंडोजमधला फायरवॉल (संगणकात येणारी-जाणारी नेटवर्कची वाहतूक तपासून अडवणारी सोय) फक्त बाहेरून येणारं अडवतो, म्हणून वेगळा विकत घ्यावा. हे जुन्या विंडोज एक्सपीच्या काळात खरं होतं. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर वर्म (नेटवर्कवरून स्वतःहून पसरणारा घातक प्रोग्रॅम) पसरला तेव्हा एक्सपीत फायरवॉल होता, पण मुळात बंद असायचा. २००४ च्या सर्व्हिस पॅक २ या एक्सपीच्या मोठ्या अपडेटपासून तो आपोआप चालू राहू लागला आणि बाहेर जाणारं अडवायची सोय एक्सपीनंतरच्या विंडोज व्हिस्टापासून आली. फक्त तुम्ही नियम घातल्याशिवाय तो बाहेर जाणारं सहसा थांबवत नाही.

मी दोन वर्षं वेगळा फायरवॉल वापरलाय. सारखी चौकट यायची, 'एसव्हीसीहोस्ट इंटरनेटशी जोडू पाहतंय, परवानगी द्यायची का?' एसव्हीसीहोस्ट म्हणजे विंडोजचाच, अपडेटसारखी कामं मागे चालवणारा प्रोग्रॅम. पहिला आठवडा मी प्रत्येक नाव शोधून वाचलं, मग हात आपोआप 'अलाउ'वर जायला लागला. आईने एकदा घाबरून 'ब्लॉक' दाबलं आणि विंडोजचे अपडेट बंद पडले. मला ते महिन्याने कळलं! घरच्या माणसांना असल्या प्रश्नांत अडकवणं मला पटत नाही.

एखादा प्रोग्रॅम बाहेर जाऊच द्यायचा नसेल, तर स्टार्टमध्ये डब्ल्यूएफ डॉट एमएससी (wf.msc) टाइप करा आणि आउटबाउंड रूल्समध्ये (बाहेर जाणाऱ्यासाठीचे नियम) न्यू रूल घेऊन त्या प्रोग्रॅमची ईएक्सई (.exe) फाइल निवडा, दोन मिनिटांचं काम आहे. आणि परक्या वायफायवर नेटवर्क 'पब्लिक'च ठेवा, म्हणजे तिथल्या इतरांपासून तुमचा संगणक लपलेला राहतो; हे लेखात यायलाच हवं होतं.