आप्पाच्या फ्रीजमधला खालचा कप्पा

परवा धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला आप्पाच्या बिअर शॉपीत बसलो होतो. आप्पा म्हणजे माझा मावसभाऊ, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. मे महिना, दुपारचे चार, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. फ्रीज उघडा दिसला म्हणून वाकून बघितलं, तर सगळ्यात खालच्या कप्प्यात, सोड्याच्या बाटल्यांमागे, क्राफ्ट बिअरचे, म्हणजे छोट्या कंपन्या चवीवर भर देऊन थोडी-थोडी बनवतात त्या बिअरचे, चार कॅन. मी विचारलं, "आप्पा, हे कोण घेतं इथे?"

आप्पा हिशेबाच्या वहीतून मान वर न करता म्हणाला, "तूच. नि तू बी वरीसमा दोनदाच येस."

तिथून जी चर्चा सुरू झाली ती सात वाजेपर्यंत चालली. ती डोक्यातून जात नाही म्हणून ही लांबलचक पोस्ट. ज्यांना दारूच्या विषयाचं वावडं आहे त्यांनी पुढे सरकावं, राग नाही.

मी अकरा वर्षं पुण्यात काढली. २००९ मध्ये तिथे डुलाली सुरू झाली, म्हणजे जागच्या जागी बिअर बनवून ग्लासात देणारी मायक्रोब्रुअरी. मी गेलो तेव्हा हे प्रकरण जोरात होतं. गव्हाची बिअर, सायडर, कडूजहर आयपीए, सगळं तिथेच पहिल्यांदा प्यालो. आणि तिथेच एक वाक्य शंभरदा ऐकलं: "तुमच्या खान्देशात हे चालणार नाही रे, तिकडच्या लोकांना फक्त स्ट्राँग बिअर लागते."

हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. भरिताचं वांगं गॅसवर भाजलंय की कपाशीच्या पऱ्हाटीवर, हे पहिल्या घासात सांगणारी माणसं आहेत आमच्याकडे. कळण्याच्या भाकरीत ज्वारी-उडदाचं प्रमाण चुकलं तर ताट बाजूला सारणारे सासरे मी बघितलेत. जीभ आहे, भाऊ. प्रश्न जिभेपर्यंत माल पोहोचण्याचा आहे.

आता आधी किमतीचं बोलू, कारण सगळे तिथेच अडतात. आप्पाकडे क्राफ्टचा ३३० मिलीचा पाइंट घेतला तर त्याच पैशांत थोडी भर घालून ६५० मिलीची स्ट्राँग येते. गिऱ्हाईक मोजतं. त्यात चूक काय? दिवसभर केळीच्या घडांची गाडी भरलेल्या माणसाने "माल्टचा सुगंध" म्हणून निम्मा माल घ्यावा, ही अपेक्षाच मुळात पुण्यातल्या एसीत बसून केलेली आहे.

पण ती बाटली महाग का, हेही समजून घ्या. सगळाच नफा नसतो तो. महाराष्ट्रात बिअरवरचं उत्पादन शुल्क लिटरमागे ठरलेली किमान रक्कम किंवा उत्पादन खर्चाच्या ठरावीक टक्के, यांपैकी जे जास्त भरेल ते लागतं. म्हणजे तुम्ही स्वस्तात तांदूळ-मका घालून बिअर केली तर कर कमी. चांगला माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) वापरला, बाहेरून येणारे हॉप्स (बिअरला कडवटपणा नि वास देणारी फुलं) हात सैल सोडून घातले, की खर्च वाढला आणि त्याच्या पटीत करही वाढला. उदाहरण म्हणून समजा, कर खर्चाच्या दुप्पट आहे. मग मालावर लिटरमागे तीस रुपये जास्त घातले की कारखान्याच्या दारातच फरक नव्वदचा होतो. त्यावर घाऊकवाल्याचे टक्के, दुकानदाराचे टक्के, व्हॅट. चांगलं बनवल्याचा दंडच म्हणा ना.

शिवाय मद्य जीएसटीच्या बाहेर आहे. बनवणारा बाटली, खोका, यंत्र, सगळ्यावर जीएसटी भरतो, पण तो विक्रीच्या करातून वळता करून घेता येत नाही. मोठ्या कंपन्यांच्या ६५० मिलीच्या बाटल्या भंगारवाल्यामार्फत परत कारखान्यात जातात, धुऊन पुन्हा भरतात. नव्या कंपनीला तो फेरा नाही. दर खेपेला नवी बाटली नाहीतर कॅन. आप्पाच्या दुकानामागे रिकाम्या बाटल्यांचा ढीग असतो, त्यात क्राफ्टची बाटली दिसली की भंगारवाला बाजूला काढून ठेवतो. त्याच्या लेखी ती काच, बाटली नव्हे.

आणि बाजारभावाबद्दल कुणी "स्पर्धा, स्पर्धा" करत असेल तर त्याला २०२१ची आठवण करून द्या. स्पर्धा आयोगाने युनायटेड ब्रुअरीजला सुमारे ७५२ कोटी आणि कार्ल्सबर्ग इंडियाला सुमारे १२१ कोटी दंड ठोकला, कारण मोठ्या कंपन्या आपसात बोलून दर ठरवत होत्या. तिसऱ्या मोठ्या कंपनीने आधीच कबुली देऊन दंडातून सुटका करून घेतली. ज्या राज्यांतला व्यवहार तपासला गेला त्यांत महाराष्ट्रही होता. अशा बाजारात नवा गडी उतरतो.

इथवर आप्पा आणि माझं एकमत होतं. पुढे फाटलं.

मी म्हणालो, किंमत उतरवली की खपेल. आप्पा म्हणाला, नाही. त्याचं म्हणणं असं की महाग वस्तू इथे खपते. लग्नसराईत त्याच्याकडून आयात केलेल्या बिअरच्या पेट्या जातात, किंमत न विचारता. पोराला पुण्याहून मित्र आले की बापच दोन चांगले कॅन न्यायला येतो. "भाव मी सांगीसन इकू," आप्पा म्हणाला, "पन माल ते पाह्यजे ना!"

मग त्याने मला या चार कॅनची कुळकथा सांगितली. गेल्या श्रावणाआधी एका नव्या कंपनीचा पोरगा आला होता. शर्ट इन केलेला, हातात टॅब. चकटफू चाखायला दिली, पोस्टर लावलं, दोन पेट्या ठेवून गेला. आप्पाने शिकवणीच्या सरांना, एका मेडिकलवाल्याला आणि पाटबंधाऱ्यातल्या एका साहेबाला आग्रह करून दिली. तिघांना आवडली. दहा दिवसांत पेट्या संपल्या. आप्पाने फोन केला. "पुढच्या आठवड्यात गाडी आहे." पुढचा आठवडा गेला, गणपती गेले, दसरा गेला. सर तीनदा विचारून गेले, मग विचारायचे बंद झाले. दिवाळीनंतर माल आला तो पाच महिन्यांपूर्वीच्या तारखेचा, नाशिकच्या कुठल्याशा गोदामात पडून असलेला. सरांनी एक कॅन नेला आणि दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "आप्पा, ती मजा नाही राहिली."

नाहीच राहणार. गव्हाची बिअर ताजी असते तोवरच तिची गंमत. गाळणी कमी, यीस्ट थोडं तसंच राहिलेलं, संत्र्याच्या सालीचा नि धन्याचा वास. उष्णता लागली की तो वास सगळ्यात आधी उडतो आणि मागे ओल्या पुठ्ठ्यासारखी चव राहते. कडक स्ट्राँगला हे दुखणं कमी, कारण तिच्यात जपण्यासारखं नाजूक फार नसतंच (रागावू नका स्ट्राँगवाल्यांनो, मीही पितो). पुण्याहून इकडे यायचं म्हणजे साडेतीनशे-चारशे किलोमीटर, उघड्या ट्रकमध्ये ताडपत्रीखाली. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ला टेकतो. त्यात गोदामाचा पत्रा. त्यात लोडशेडिंग. त्यात काही दुकानदार रात्री बिलापायी फ्रीज बंद करतात. नावं घेत नाही, ओळखीचेच आहेत.

म्हणजे शिरपूरच्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा क्राफ्ट बिअर प्यायली ती शिजलेली. आणि मग आपण म्हणणार, यांना चव नाही.

फ्रीजचंही ऐका. दुकानातला तो काचेचा फ्रीज बहुतेक वेळा कंपनीनेच दिलेला असतो. ज्याचा फ्रीज, त्याचा माल डोळ्यांसमोरच्या कप्प्यात. दहा पेट्यांवर एक फुकट, पंधरा दिवस उधारी, फुटलेली बाटली बदलून, अशा मोठ्या कंपनीच्या स्कीमा. छोट्या कंपनीचा माल रोखीने घ्यायचा आणि अख्खी पेटी घ्यायची, पाइंटची असेल तर चोवीस नग. स्ट्राँगची पेटी आप्पाकडे दुपारपासून रात्रीपर्यंत टिकत नाही. क्राफ्टची पेटी महिनाभर पैसे अडकवते. टक्का थोडा जास्त मिळाला तरी पैसा फिरला किती वेळा, यावर दुकान चालतं. दारूची थेट जाहिरात करता येत नाही, मोठे लोक सोडा नि पाण्याच्या नावाने नाव गाजवतात. छोट्या कंपनीची जाहिरात म्हणजे तो फ्रीजचा कप्पा. तो गेला की सगळं गेलं.

बिरा ९१ या बिअर ब्रँडचं उदाहरण यासाठीच डोळ्यांत भरतं. (ती क्राफ्ट आहे की नाही यावर कॉमेंटमध्ये भांडू नका, मला माहीत आहे ती फार मोठी झाली.) २०१५ मध्ये आली, सुरुवातीची बिअर बेल्जियममधून बनवून आणलेली. किंमत देशी बिअरच्या वर आणि आयातीच्या खाली, नेमकी त्या मधल्या जागेत जिथे कुणी नव्हतं. माकडाचं चित्र पोरांना आवडलं. पुढे उत्पादन इथे सुरू झालं आणि माल गावोगाव दिसू लागला. म्हणजे किंमतही जमली आणि पोहोचही.

मग शेअर बाजारात उतरायची तयारी म्हणून कंपनीने नावातला "प्रायव्हेट" शब्द काढला. एक शब्द! पण उत्पादन शुल्क खातं राज्याराज्याचं वेगळं, प्रत्येक राज्यात लेबलची नोंदणी वेगळी. नाव बदललं म्हणजे नवी कंपनी, नवी लेबलं, नव्या परवानग्या. कित्येक महिने माल दुकानात जाऊ शकला नाही, जुन्या लेबलांचा साठा वाया गेला. २०२३-२४ मध्ये विक्री ६३८ कोटींची आणि तोटा ७४८ कोटींचा. चव तीच होती. किंमतही फार हलली नव्हती. बाटली फ्रीजमध्ये नव्हती, एवढंच. आणि पिणाऱ्याने काय केलं? थांबला नाही तो. शेजारची बाटली उचलली.

हे केळीवाल्याला समजावून सांगावं लागत नाही. रावेरच्या बागेत घड कितीही देखणा असो, बऱ्हाणपूरचा भाव कितीही चांगला निघो, गाडी दोन दिवस उशिरा लागली की माल पिकला, आणि पिकलेल्या मालाला व्यापारी हात लावत नाही. नाशवंत मालाचं अर्धं नशीब चाकावर असतं. बिअर बनवणाऱ्यांना मात्र वाटतं आपण औषध बनवतोय, पेटीत ठेवलं की झालं.

केळीवरून आठवलं. दर वेळी कुणीतरी उत्साही माणूस म्हणतो, जळगावच्या केळीची बिअर काढू, भौगोलिक मानांकन आहे, जोरात चालेल. पूर्व आफ्रिकेत केळीची बिअर पिढ्यान्‌पिढ्या बनते, मान्य. पण बाबांनो, आधी साधी गव्हाची थंड पोहोचवून दाखवा.

माझं मत विचाराल तर छोट्या कंपन्यांनी सगळा महाराष्ट्र एकदम रंगवायचा नाद सोडावा. धुळ्याला मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूर रस्ता एकमेकांना छेदतात. तिथे एक थंड खोली घ्या, भाड्याने का होईना. धुळे, जळगाव, शिरपूर, भुसावळ मिळून वीस दुकानं निवडा, पन्नास नकोत. दुकानदाराला अर्धी पेटी द्या. दर पंधरवड्याला या, दोनच कॅन गेले असले तरी या, आणि जुन्या तारखेचा माल स्वतःहून उचलून न्या. एप्रिल-मेमध्ये थंड गाडी जमत नसेल तर तेव्हा पाठवूच नका, मृग लागल्यावर या. आयपीए मागे ठेवा. शेवभाजीच्या रश्श्यावर ती कडू बिअर म्हणजे जिभेवर दुहेरी अत्याचार आहे, गव्हाची मात्र झक्कास बसते. किंमत? असू द्या थोडी जास्त. सर देत होते की.

आप्पाला हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "तू कंपनी काढ, मी कप्पा देस." आणि वही मिटली.

निघताना म्हटलं, दे ते चार कॅन, संपवून टाकतो. तारीख बघितली तर पुढच्या महिन्यात मुदत संपत होती. म्हटलं, आप्पा, काही कमी कर आता. आप्पाने छापील किंमत बोटाने दाखवली, चारही कॅनचे पैसे मोजून घेतले आणि रिकाम्या झालेल्या कप्प्यात स्ट्राँगच्या बाटल्या लावायला सुरुवात केली.